आहे तशी ठेवा

कर्जतला सिनेमाचा तंबू लागला की मी जातो, आणि दहा-पंधरा मिनिटांत उठून बाहेर येतो. दारावरचा माणूस आता मला ओळखतो. "काय मास्तर, संपला काय तुमचा शिनेमा?" असं म्हणून माझ्यासाठी कनात वर धरतो. त्याला वाटतं मला डोळ्यांचा तरी त्रास असावा, नाहीतर डोक्याचा. दुसऱ्याचा संभव जास्त, असं आमच्या घरातलंही मत आहे.

खरी गोष्ट अशी, की मला फक्त सुरुवात बघायची असते. तीही सगळ्या चित्रांची नाही. देवादिकांच्या आणि तलवारबाजीच्या चित्रांशी मला कर्तव्य नाही. ज्यात आधी एक लहान मूल दिसतं आणि मग ते मोठं होतं, तेवढीच चित्रं माझी. मूल पतंग उडवतं, नाहीतर झोपाळ्यावर बसतं, नाहीतर आईच्या मागं भुणभुण लावतं. मग गाडीचं चाक जवळून दिसतं, गरगर फिरतं, आणि ते थांबेपर्यंत पोर वाढलेलं असतं. त्याच्या जागी एक मिशीवाला उभा, नाहीतर भुवया कोरलेली बाई. तंबूत शिट्ट्या वाजतात, कारण लोक त्यांनाच बघायला आलेले असतात. मी त्या वेळी उठतो. एवढ्या माणसांत एकालाही कसं विचारावंसं वाटत नाही, की अहो, आत्ता इथं होतं ते पोरगं गेलं कुठं?

आता चित्रं बोलायला लागली आहेत, गायलाही लागली आहेत. पण सुरुवातीची रीत तीच. आधी पोर दाखवायचं, त्याच्यावर आपला जीव जडवायचा, आणि नंतर ते काढून घ्यायचं. आमच्या लेकीला, मंजुळेला काढून घेतलं ते चित्र मुकं होतं. त्याला बारा वर्षं झाली.

दर वर्षी आश्विनात आमच्या पोशीरच्या खाचरांतलं हळवं भात पिवळं पडायला लागलं, की मला ते आठवतं. नको म्हटलं तरी आठवतं. बांधावर कुर्डूचे तुरे उभे असतात, तेरडा सुकत आलेला असतो, पायाखाली नाकतोडे टणाटण उडतात. सकाळी माथेरानचा कडा इतका धुतल्यासारखा दिसतो, की वरची झाडं मोजावीत. दुपारी ऊन असं तापतं की शाळेतली पोरं पाटीवर डोकं टेकून झोपतात आणि मी त्यांना झोपू देतो. भाताला तेव्हा एक वास असतो, ना कच्चा ना पिकला. दुधाचा असतो थोडा. आठ दिवसांत तो वास जातो आणि पेंढ्याचा यायला लागतो. ते आठ दिवस मला नेहमी वाटतं, थांबावं हे. एवढं एक वर्ष तरी थांबावं. भाताला काय पडली आहे माझी!

त्या वर्षी अशाच दिवसांत मुंबईची एक चित्रपट कंपनी नेरळला गाडीतून उतरली आणि तीन बैलगाड्यांत पेट्या घालून आमच्या गावात आली. गावात लिहिता-वाचता माणूस म्हणजे मी, त्यामुळं त्यांचे डायरेक्टर साहेब पहिले माझ्याकडं आले. तिशीचा तरुण माणूस, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर टोपी, आणि उन्हानं नाक सोललेलं. त्यांना एका गावच्या पोरीची गोष्ट काढायची होती. पोर मोठी होते, शहरात जाते, पुष्कळ हाल सोसते, वगैरे. मोठेपणीची बाई त्यांच्याबरोबर होती, शाळेच्या ओसरीवर पंख्यानं वारा घेत बसली होती. लहानपणासाठी आणलेल्या मुलीला मात्र प्रवासात ताप भरला होता आणि ती आईच्या मांडीवर निजून होती.

साहेब मला काहीतरी सांगत होते आणि मध्येच थांबले. त्यांच्या नजरेच्या रोखानं मी पाहिलं तर दारात आमची मंजी उभी. सात वर्षांची, हातात अर्धी खाल्लेली काकडी, आणि वरचा पुढचा दात दहा-बारा दिवसांपूर्वीच पडलेला. त्या खिंडीतून ती काकडीची बी बाहेर उडवून दाखवत होती, त्या निजलेल्या मुलीला.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

आता बघा, सरळ प्रश्न होता. पण मी चोरी पकडल्यासारखा म्हणालो, "माझीच आहे."

घरी मंजीची आई ऐकेना. "अवो, नाचगाण्याची मानसं ती. उद्या हिला कोन करून घेईल? मास्तरकी करता आन येवढं कळत नाय काय तुमाला?" दोन दिवसांचं काम आहे, पळायचं आणि हसायचं एवढंच आहे, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "पळायला आन हसायला ती कुनाच्या बापाला इचारते!" हा होकार समजून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच खाचराच्या बांधावर त्यांनी चित्र घ्यायचं यंत्र उभं केलं. चंदेरी कागद लावलेल्या दोन फळ्या घेऊन गडी उभे राहिले, ऊन पोरीच्या तोंडावर पाडायला. मंजीनं बांधावरून पलीकडच्या आंब्यापर्यंत पळत जायचं होतं. मला साहेबांनी यंत्राच्या शेजारी उभं केलं आणि बजावलं, "मास्तर, तुम्ही काही बोलायचं नाही."

यंत्राचा दांडा फिरायला लागला. मंजी पळाली. बांध रात्रीच्या दवानं निसरडा, त्यात खेकड्यांची बिळं. मला राहवलं नाही. मी ओरडलो, "मंजे, हळू गं! पडशील!"

ती पळता पळता अर्धी वळली आणि माझ्याकडं बघून हसली. सगळ्या तोंडानं हसली, त्या खिंडीसकट. मग पुढं होऊन आंब्यामागं गेली.

मला वाटलं आता शिव्या बसणार. पण साहेब दांडा फिरवणाऱ्याला म्हणाले, "हेच ठेवायचं. पुन्हा घ्यायचं नाही." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, पहिल्या दोन मिनिटांत लोकांचा पोरीवर जीव जडला पाहिजे. एकदा जडला की पुढं ती बाई कितीही चुका करू दे, लोक तिला माफ करतात. त्यांना सारखं वाटत राहतं, ही ती बांधावरची पोर आहे."

पुढच्या बारा वर्षांत मी पुष्कळ सुरुवाती पाहिल्या, पण याहून खरं मला काही सापडलेलं नाही. आपण मोठ्या माणसांना माफ करतो ते तरी दुसऱ्या कशावर?

दुसरा तुकडा दुपारी घ्यायचा होता. आंब्याखाली मंजीनं हसायचं आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकायचं, लपाछपीत राज्य आल्यावर झाकतात तसं. तळवे खाली येतील तेव्हा मागं त्या मोठ्या बाईचं तोंड असेल. मंजीला हे फार आवडलं होतं. ती सकाळपासून मला, आईला, गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा तळवे काढून दाखवत होती. "बघा, झाले मोठी!" म्हणत होती.

दुपारी आभाळ भरून आलं आणि परतीचा पाऊस कोसळला. तीन दिवस तो हटला नाही. कंपनीची माणसं शाळेत ओल्या पेट्यांवर बसून राहिली, आणि चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "आम्हाला मुंबईला जायलाच हवं. पंधरा दिवसांत परत येतो. हा एवढा भाताचा तुकडा कापू नका. आणि मुलगी आहे तशी ठेवा. दात, केस, परकर, काही म्हणजे काही बदलू देऊ नका."

मी मान डोलावली. शाळा तपासणीला मोठे साहेब येतात तेव्हा मी अशीच डोलावतो. घरी येऊन सांगितलं तर मंजीची आई कपाळाला हात लावून म्हणाली, "पोर काय लोनचं हाय, बरनीत घालून ठेवायला?"

त्या दिवसांइतका असहाय मी कधी झालो नाही. लोकांना सांगितलं तर हसतील, म्हणून आजवर सांगितलंही नाही. परकर सांभाळला, घडी करून फडताळात ठेवला. केसांना कात्री लावू दिली नाही. भाताचा तुकडा सगळ्या शिवारात एकटा उभा राहिला. त्यावर पोपटांचे थवे पडायला लागले, लोंब्या गळायला लागल्या. ते एक वेळ चाललं असतं. पण आठव्या दिवशी मंजी शाळेतून घरी आली ती ओठ घट्ट मिटून. जेवताना घास गालात ठेवून चावत होती. आईनं हनुवटी धरून तोंड उघडलं, तर हिरडीतून एक पांढरी रेघ वर आलेली.

"आला गं बाय दात!" आई खुशीत म्हणाली. मंजीनं भोकाड पसरलं.

आमच्याकडं दुधाचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून घरावर फेकतात. उंदराला सांगतात, हा घे आणि तुझा मला दे. मंजीचा दात तिच्या आईनंच फेकला होता. तेव्हा मंजीनं आपला न्याय लावला. दात वर आहे म्हणून नवा येतोय. तो खाली काढला तर येणारा थांबेल. "बाबा, तुमी वर चढा आन माझा दात काढा." सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच.

मी सृष्टिज्ञान शिकवतो. हिरडीखाली नवा दात आधीपासून तयार असतो, हे मी फळ्यावर आकृती काढून पोरांना सांगितलेलं आहे. तरी रविवारी भरदुपारी मी शिडी लावली आणि घरावर चढलो. एकेक कौल उचलून खाली बघत होतो. अंगणातून आई ओरडत होती, "अवो, उतरा! कवलं फुटतील! शाळेतली पोरं बगतायत!" खरोखर बघत होती, कुंपणावर रांगेनं बसून.

तीन दिवसांच्या पावसात शेणाची गोळी राहते कुठली? वळचणीत एक पांढरा खडा मिळाला, तांदळाएवढा. खाली मंजी मान वर करून उभी होती. तिच्याकडं बघून मी म्हणालो, "सापडला गं!" खडा चिंधीत बांधला, गाठ मारली, आणि सोडायची नाही असं बजावून तिच्या मुठीत दिला. ती मूठ तिनं झोपेतही उघडली नाही. दात रोज वाढत होता. रोज सकाळी ती माझ्यापुढं येऊन तोंड उघडायची आणि मी बघून म्हणायचो, "थांबलाय. कालच्याएवढाच आहे."

कंपनी आली ती पंधरा दिवसांनी नव्हे, दिवाळी होऊन गेल्यावर. भाताच्या तुकड्यात काड्या उरल्या होत्या. साहेबांनी तिकडं एकदा पाहिलं. ते मंजीपुढं उकिडवे बसले. "हस बघू." ती ओठ मिटून हसली. "तसं नाही गं, त्या दिवशी हसलीस तसं." ती इकडंतिकडं बघत राहिली, आणि मग नाइलाजानं हसली. खिंडीत नवा दात अर्धा उभा होता, रुंद, करवतीसारख्या कडेचा, तिच्या चेहऱ्याला मोठा होणारा.

साहेबांनी दांडेवाल्याकडं पाहून नकारार्थी मान हलवली. मंजीला ते कळलं.

"साहेब," ती म्हणाली, "मी पाडते. दगडानं पाडते. आत्ता पाडते." आणि खरंच दगड शोधायला खाली वाकली.

साहेबांनी तिचा हात धरला. त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. "मास्तर," ते म्हणाले, "तुमचा काही दोष नाही." दोष नाही हे मलाही माहीत होतं. म्हणून का कुणाला बरं वाटतं? त्यांनी ठरवलं की जेवढं घेतलंय तेवढंच ठेवायचं. पोर पळेल, मागं वळून हसेल, आणि मग पाटी येईल: बारा वर्षांनी. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

पुढच्या वर्षीच्या माघात ते चित्र कर्जतच्या तंबूत लागलं. मंजी नऊ वर्षांची होत आली होती. बातमी कळल्यापासून तिचा पाय जमिनीवर नव्हता. "बाबा, उद्या जायाचं? बाबा, परवा?"

आणि इथं मी माती खाल्ली.

दुधानं कधी तोंड पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारा मी माणूस. म्हटलं, मास्तरानं पोरीला घेऊन तंबूत जावं, आणि पडद्यावर भलतंसलतं काही निघालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून तिला सांगितलं, "आधी मी एकटा बघून येतो. चांगलं असलं की येत्या रविवारी तुला नेतो." तिनं मान डोलावली. शहाणी पोर होती.

मी पाहिलं. सगळं, पहिल्यापासून. आमचं खाचर पडद्यावर आलं. पिवळं भात पांढरंफटक दिसत होतं, आंबा काळा. क्षणभर बांध मोकळा होता. मग उजवीकडून मंजी आली. पळाली, अर्धी वळली, हसली. सगळा तंबू तिच्याबरोबर हसला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "अगं माझी बाय!" म्हणालं. त्या दोन-अडीचशे माणसांत कुणालाच माहीत नव्हतं की ती हसली कुणाकडं बघून. मला माहीत होतं. शेजाऱ्याला हलवून सांगावं असं फार वाटलं. मी टोपी सारखी केली आणि गप्प बसलो. मोठी बाई आली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं, पुढचं काही दिसलंच नाही.

घरी मंजी जागीच होती. "दिसले काय मी?"

"दिसलीस."

"हसले?"

"हसलीस. सगळे लोक हसले."

"रविवारी नक्की हां, बाबा."

रविवारच्या आधी तपासणीचा हुकूम आला. दफ्तरं लिही, पोरांचे पाढे घोकून घे, भिंती सारवून घे. तो रविवार गेला. पुढच्या आठवड्यात तंबू कर्जतहून उठून खालापूरला गेला. मी हट्टानं खालापूरला जाणारी एक गाडी गाठली आणि मंजीला घेऊन निघालो. तो जुना परकर तिला आता गुडघ्यापर्यंतच येत होता, तरी तिला तोच नेसायचा होता. आईनं रागावून दुसरा नेसवला. वाटेत ती बैलांशी, गाडीवानाशी, माझ्याशी अखंड बोलत होती. तंबूत शिरल्यावर मात्र गप्प झाली आणि माझा अंगठा धरून बसली.

पडदा उजळला. बांध दिसला, आंबा दिसला. काहीतरी थरथरलं, एक पांढरी ठिणगी उडाल्यासारखी झाली, आणि पाटी आली. शेजारचा एक जण मोठ्यानं वाचायला लागला, "बारा... वर्षांनी..."

मंजी माझ्या कानाशी लागली. "बाबा, मी येऊन गेले काय?"

आणि मी, ज्यानं तोवर हजार पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं होतं, पटकन म्हणून गेलो, "हो गं. आत्ताच गेलीस. तुझी पापणी लवली वाटतं."

पुढचं सगळं चित्र संपेपर्यंत ती डोळे फाडून बसली. पापणी लवू द्यायची नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी पुसत नव्हती. पुन्हा येईन अशी तिला आशा वाटत असणार. मी तिच्याकडं बघत बसलो होतो आणि स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटत होतं. दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

खेळ सुटल्यावर तिला दाराशी उभी करून मी यंत्रवाल्याकडं गेलो. तो फीत गुंडाळत होता. त्यानं समजावून सांगितलं, बिचाऱ्यानं न चिडता. "मास्तर, फीत यंत्रात घालायची ती तोंडाकडनं. रोज तेच तोंड, यंत्राचे तेच दाते. तेच घासतं, तेच फाटतं. फाटलं की कापायचं आन पुढचं चिकटवायचं. पहिली नावाची पाटी गेली, आता हे. शेवट बघा कसा कोराकरकरीत ऱ्हातो." मग म्हणाला, "त्यात असं व्हतं तरी काय? एक पोरगी पळत व्हती."

"हो," मी म्हणालो. "एक पोरगी पळत होती."

त्याच्या डब्यात कापलेले तुकडे होते. त्यानं मूठभर माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी उन्हात धरून मी एकेक पाहिला. कुठं पाटीचं अक्षर, कुठं नुसते ओरखडे. एका तुकड्यात बांध होता आणि आंबा होता. तिथं कुणी नव्हतं. ती यायच्या आधीचा तुकडा होता तो. अजून माझ्या पेटीत आहे.

सुरुवातीचं नशीबच असं. तीच आधी झिजते. पहिलीत दर वर्षी नवी पोरं येतात. पहिल्या दिवशी दाराची चौकट धरून रडतात, बोटं सोडवता सोडवत नाहीत. पुढं तीच पोरं चौथीतून बाहेर पडतात तेव्हा त्यांना ती चौकट आठवत नाही. मला आठवते, म्हणजे मला तसं वाटतं. खरं तर एकाचं रडणं मी दुसऱ्याला चिकटवत असेन. मंजीचा तो तुकडासुद्धा मी तिला इतक्या वेळा सांगितला आहे, की आता त्यातलं पडद्यावरचं किती आणि माझं किती, हे मला सांगता येत नाही. ती विचारायची, "हात कसे व्हते?" मी म्हणायचो, "पसरलेले." पुढच्या खेपेला म्हणायचो, "एका हातात लोंबी होती." ती ऐकून घ्यायची.

ती पंधराची झाली आणि आम्ही तिला मोहोपाड्याकडं दिली. माणसं चांगली आहेत. यंदा दिवाळीला ती आली, काखेत आठ महिन्यांची लेक घेऊन. एका दुपारी पडवीत पोरीला थोपटत बसली होती. समोर शिवारात कापणी चालली होती. मला म्हणाली, "बाबा, सांगा ना ते. मी पळते ते."

मी सुरू केलं. बांध, आंबा, उजवीकडून तू आलीस. आणि पुढं मला येईना. इतकी वर्षं मनात होतं ते बाहेर आलं. "मंजे, त्या दिवशी खालापूरला तुझी पापणी लवली नव्हती गं. तुकडाच गेला होता. मी खोटं बोललो."

ती थोपटायची थांबली नाही. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या यंतरवाल्याशी बोलत व्हता, तवा मी मागंच हुबी व्हते. आयकलं सगलं." मग हसली. "आन तो दातबी खडाच व्हता. दुसऱ्याच दिशी सोडून बघितला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवलावर चढला व्हता ना, येवढ्या उनाचं," ती म्हणाली. "कसं बोलनार? पन बाबा, तुमी मला आदी न्यायाला पायजे व्हतं."

राग नव्हता त्यात. पाऊस लांबला, भात भिजलं, अशा आवाजात ती बोलली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं मला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "असू द्या. आता सांगा पुडचं. हातात काय व्हतं यंदा?"

परवा ती सासरी गेली. पलीकडच्या रस्त्याला गाडी उभी होती, आणि तिथं जायला वाट एकच, तो बांध. आईनं ओटी भरली, दृष्ट काढली आणि दर वेळी सांगते तेच सांगितलं, "मागं वळून बगू नको गं. निगालीस की सरळ जा." डोक्यावर गाठोडं, खांद्यावर लेक, अशी ती बांधावर चढली. मी उभा होतो ती जागा बहुतेक यंत्राचीच असेल. दव अजून वाळलं नव्हतं आणि बिळं होतीच.

मी ओरडलो, "मंजे, हळू गं! पडशील!"

तिनं एक हात वर केला. वळली नाही, आईचं ऐकणारी पोर. तिच्या खांद्यावरून नात माझ्याकडं तोंड करून होती. दोघींतली तेवढी एकच माझ्याकडं बघत होती, आंबा येईपर्यंत टक लावून बघत होती, आणि तिला अजून मी कोण ते माहीत नव्हतं.